खड्यांचं वजन वजा

सहकारी बँकेच्या सोनेतारण विभागात माझी २८ वर्षं गेली. समोरची बाई पदराआडून गाठोडं काढणार, आमचे सराफ दागिना कसोटीच्या दगडावर घासून तेजाबाचा थेंब सोडणार, काट्यावर ठेवणार आणि मी फॉर्मवर दोन आकडे लिहिणार: ठोक वजन, निव्वळ वजन. मधला फरक म्हणजे खडे, लाख, मेण आणि मळ. माणिक असो की बांगडीची काच, बँकेच्या लेखी दोघांची लायकी मळाइतकीच. "मॅडम, खरा पाचू आहे हो तो," असं कुणी काकुळतीने म्हणालं की माझं उत्तर ठरलेलं, "असेल ना, पण आम्ही सोन्यावरच कर्ज देतो."

आईच्या वर्षश्राद्धानंतर तिचा डबा उघडला आणि ते उत्तर माझ्याच गळ्यात आलं.

आम्ही तिघं भावंडं. दादा थोरला, मी मधली, मग धाकटी. सोन्याची वाटणी सोपी असते आणि मी तर त्यातच मुरलेली. पाटल्या, मोहनमाळ, बिलवर, सगळं तासाभरात मिटलं. अडलं ते एका अंगठीपाशी. आमच्याकडे तिला ‘रंगूनची अंगठी’ म्हणतात. आईचे वडील रंगूनला एका लाकडाच्या पेढीवर कारकून होते. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. आजी आणि चार वर्षांची आई त्याआधीच बोटीने कलकत्त्याला पोचल्या होत्या. आजोबा मागे राहिले आणि लाखो हिंदी माणसांसारखे जंगलातून चालत आसामकडे निघाले. कोपरीच्या शिवणीत त्यांनी ही अंगठी लपवून आणली. वाटेत दोन दिवस पोटात अन्न नव्हतं, तरी विकली नाही, असं आई सांगायची. खडा करंगळीच्या नखाएवढा, लालभडक. बर्माचं माणिक.

दादाने मोबाइलवर बर्मी माणकांच्या लिलावांचे आकडे पाहून ठेवले होते. त्याचं म्हणणं, ज्याला अंगठी हवी त्याने बाकीच्या डब्यावर पाणी सोडावं. धाकटी म्हणाली, "मग आधी किंमत तर कळू दे." आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी निवृत्त, मोकळी, शिवाय ‘बँकेचा अनुभव’. २८ वर्षं खडे वजा करण्याचा अनुभव या कामाला कसा उपयोगी पडणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पहिल्यांदा साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या सराफांकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावून अंगठी बराच वेळ फिरवली. "ताई, खडा फार स्वच्छ आहे," म्हणाले. मी खूश झाले. ते खूश दिसत नव्हते, हे माझ्या लक्षात यायला आठवडा लागला.

कोंदण बंद होतं, म्हणजे खड्याच्या पाठीमागे सोन्याचा तळ. जुन्या अंगठ्यांत असंच असे. मागून उजेड येत नसल्यामुळे खड्याचं पोट दिसत नाही, म्हणून तो काढावा लागणार होता. मी समोर स्टुलावर बसून राहिले. त्यांनी बारीक कोरणीने कडेचं सोनं जरा जरा उचललं, हाताने, दिवा न लावता. जळत्या दिव्याखाली जुना खडा कधी धरायचा नाही, त्याच्या पोटात काय भरलंय ते आपल्याला ठाऊक नसतं, हे त्यांनी मला तेव्हाच सांगितलं. अर्ध्या तासाने खडा टपकन कापडावर पडला. कोंदणाच्या तळाशी लाखेचा काळा थर आणि त्यावर चुरगळलेला लालसर चमकीचा पत्रा होता. डांक म्हणतात त्याला. खड्याखाली डांक दिली की खालून उजेड परतून वर येतो आणि रंग दुप्पट दिसतो. आईच्या हातावर निखाऱ्यासारखा वाटणारा खडा सराफांच्या तळहातावर एकदम लहान आणि फिका दिसायला लागला. म्हणजे ८० वर्षं आम्ही अर्धा रंग खड्याचा पाहत होतो आणि अर्धा पत्र्याचा.

वजन झालं. अंगठी ठोक ५.८४० ग्रॅम. खडा ३.१२ कॅरट, म्हणजे ०.६२४ ग्रॅम, कारण कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग. लाख आणि डांक ०.११० ग्रॅम. निव्वळ सोनं ५.१०६ ग्रॅम. सवयीने मी हे पाकिटाच्या पाठीवर लिहिलं. फरक एवढाच, की यावेळी वजा केलेलं कागदाच्या पुडीत घालून पर्समध्ये ठेवायचं होतं.

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला एका जुन्या इमारतीत रत्नं तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा आहे. एरवी तिथे खडा खिडकीवर द्यायचा, पावती घ्यायची आणि दोन दिवसांनी कागद न्यायचा. पण माझ्या भाचीची मैत्रीण तिथे तपासनीस आहे, म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मला तिच्या टेबलापाशी बसायला मिळालं. तिशीतली मुलगी, केस घट्ट बांधलेले, नखांना रंग नाही. "रंग लावला की खड्यात त्याची छटा पडते, काकू," म्हणाली. पुडी उघडून तिने खडा चिमट्याने उचलला. मी रंगूनची सगळी कथा सांगितली. तिने ऐकून घेतली आणि एक अक्षरही लिहून घेतलं नाही.

सुरुवात पाण्याने झाली. खडा आधी हवेत तोलायचा, मग पाण्यात बुडवून. पाण्यात तो २.३४ कॅरट भरला. ०.७८ ची घट. ३.१२ ला ०.७८ ने भागा, बरोबर ४. हे मी तिच्या कॅल्क्युलेटरच्या आधी तोंडी सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. पाण्याच्या चौपट जड म्हणजे साधी काच नाही, स्पिनेल नाही. स्पिनेल ३.६ च्या आसपास भरतं. हे स्पिनेल मोठं फसवं प्रकरण आहे. शेकडो वर्षं माणसं त्याला माणिकच समजत आली. ब्रिटनच्या राजमुकुटात समोर बसवलेलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ हे खरं तर स्पिनेल. मुघल ज्याला ‘लाल’ म्हणत आणि त्यावर बादशहांची नावं कोरत, तेही बहुतेक तेच.

पण काही जातींचा तामडाही, म्हणजे गार्नेट, चौपटीच्या आसपास भरतो. मग दुसरं यंत्र. त्याच्या काचेवर उग्र वासाच्या द्रवाचा थेंब टाकला, त्यावर खडा पालथा घातला आणि मला डोळा लावायला सांगितलं. आत पट्टीसारखे आकडे आणि त्यावर एक सावली. समोरचा काचेचा तुकडा फिरवला की सावली १.७६२ वर, पुन्हा फिरवला की १.७७० वर. प्रकाश खड्यात शिरल्यावर दोन वाटांनी जातो, त्याच्या त्या दोन खुणा. तामडा आणि काच यांच्यात एकच वाट असते. तिसरी नळी बोटाएवढी, तिच्यातून पाहिल्यावर शेजारी शेजारी दोन चौकोन दिसले, एक जांभळट लाल आणि दुसरा नारिंगीकडे झुकलेला. शेवटी तिने खोलीतला दिवा मालवला आणि अतिनील दिवा लावला. खडा आतून पेटला. कोळसा फुंकल्यावर फुलतो तसा.

"म्हणजे माणिकच," मी म्हणाले.

"माणिकच आहे, काकू. शंभर टक्के."

मी तिथूनच दादाला फोन लावणार होते. तिने हात धरला. "थांबा, सूक्ष्मदर्शक राहिलाय." आणि सूक्ष्मदर्शकावर दुसरं कुणीतरी बसलेलं असल्यामुळे आम्हाला २० मिनिटं थांबावं लागलं. या कामात मला जे काही खरं कळलं ते त्या २० मिनिटांत.

तिच्या टेबलावर एक निळ्याशार सुयांचा गुच्छ होता, मोरपिशी निळा, पांढऱ्या स्फटिकांवर बसलेला. "हा कुठला असेल सांगा." मी म्हटलं काश्मीर. "वाघोली," ती म्हणाली. पुण्याजवळची, जिथे माझा पुतण्या फ्लॅटचे हप्ते भरतो ती वाघोली. तिथल्या दगडाच्या खाणींत सापडतं हे, कॅव्हान्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तिघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून केलेलं नाव. जगात फार थोड्या ठिकाणी मिळतं आणि इतक्या देखण्या गुच्छांसाठी साऱ्या जगाचे संग्राहक वाघोलीचंच नाव घेतात. म्हणजे हिऱ्यापेक्षाही दुर्मिळ. "मग ह्याची अंगठी का करत नाहीत?" मी विचारलं. कारण ते मऊ आहे. काठिण्याच्या दहाच्या पट्टीवर माणिक ९, हे ३ ते ४. घरातली धूळसुद्धा त्याहून कठीण, कारण धुळीत वाळूचे कण असतात आणि ते ७ वर. चार दिवस भांडी घासली की निळा भुगा व्हायचा. नुसतं दुर्मिळ असून भागत नाही, नुसतं सुंदर असूनही नाही. पिढ्यान् पिढ्या बोटावर टिकावं लागतं.

आपल्या काळ्या पाषाणात हे असं होतं कसं? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचले, त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि लाव्हा थिजल्यावर पोकळ्या उरल्या. नंतर त्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि जाताना विरघळलेला माल भिंतींना चिकटवत गेलं. विहिरीला सुरुंग लावला की दगडाच्या पोटात चकाकणारी गुहा निघते, ती हीच. अकीक, गारगोटी, झिओलाइट सगळे या पाण्याचेच उद्योग. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मी पूर्वी हे सगळं पाहिलं होतं. पण तिथे मी वातानुकूलनाची हवा खात फिरले होते, हे कबूल करायला हरकत नाही.

"मग आपल्याकडे माणिक का नाही होत?"

यावर तिने जे सांगितलं ते मला फार आवडलं. माणिक म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बस. त्या खनिजाचं नाव कोरंडम. शुद्ध असेल तर रंगहीन. शेकड्याला एखादा भाग क्रोमियम शिरलं की लाल, लोह आणि टायटॅनियम जोडीने शिरले की निळं, म्हणजे नीलम. ज्यांच्या ग्रहांचं एकमेकांशी पटत नाही असं म्हणतात, ते दोन खडे सख्खे भाऊ आहेत. आता अ‍ॅल्युमिनियम काही दुर्मिळ नाही, पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजन आणि सिलिकॉनच्या खालोखाल तेच. अडचण सिलिकाची. ती जिथे असेल तिथे अ‍ॅल्युमिनियमला ओढून घेते आणि त्याचं फेल्डस्पार होतं, अभ्रक होतं, माती होते. आणि सिलिका तर सगळीकडे आहे, आपल्या काळ्या दगडात वजनाने निम्मी तीच. शिवाय क्रोमियमचं घराणं वेगळं, ते राहतं खोलातल्या काळपट खडकांत, जिथे अ‍ॅल्युमिनियम जेमतेम. म्हणजे वधू एका मुलखात, वर दुसऱ्या मुलखात आणि मोडता घालणारी सिलिका दारोदार. हे लग्न जमायचं तर जागाच वेगळी हवी.

अशी जागा म्हणजे बर्मातलं मोगोक. तिथे पूर्वी समुद्रतळाशी चुनखडी साचली होती आणि तिच्यात चिकणमातीचा थोडा अंश होता. भारताचा तुकडा आशियावर आदळला, त्या रेट्यात आणि उष्णतेत चुनखडीचा संगमरवर झाला. त्यात सिलिका नावापुरती. मातीतलं अ‍ॅल्युमिनियम मोकळं राहिलं, क्रोमियमही जवळ होतं आणि माणिक धरलं. संगमरवरात लोहही फार कमी, हा आणखी एक योग. लोह माणकाचा आतला उजेड विझवतं. ते नसल्यामुळे मोगोकचं माणिक उन्हात धरलं की स्वतःहून पेटल्यासारखं दिसतं. कबुतराच्या रक्तासारखा लाल असं व्यापारी म्हणतात ते हेच. पुढे पावसाने संगमरवर झिजला, माणिक कठीण आणि जड म्हणून ओढ्याच्या वाळूत तळाशी राहिलं. रोवळीत तांदूळ धुताना खडा तळाला बसतो, तसंच. तिथली माणसं आजही वाळू धुवून ते शोधतात.

मी मनात म्हटलं, आपला खडा तर दिव्याखाली पेटला होता. लोह नाही. म्हणजे मोगोक.

सूक्ष्मदर्शक मोकळा झाला. तिने खडा द्रवात बुडवला, खालून उजेड सोडला आणि कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग उठून मला जागा दिली. "उजव्या बाजूला पाहा. रेघा दिसतात?"

आधी मला फक्त लाल समुद्र दिसला. मग डोळा बसला. अगदी पुसट, केसाहून बारीक रेघा, एकामागे एक, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. सगळ्या हलक्या कमानीत वळलेल्या. आणि एका कडेला दोन गोल टिंबं.

"वाकड्या आहेत ना?"

"हो."

"निसर्गाला वाकडी रेघ येत नाही, काकू. निदान माणकात तरी नाही."

खडा जमिनीत वाढतो तेव्हा अणू एकावर एक रचले जातात आणि त्याचे थर सरळ पडतात, मधमाशीच्या घरासारखे १२० अंशांत वळतात. कमान येते ती थेंब थिजला की. ऑग्युस्त व्हेर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये एक रीत जाहीर केली. अ‍ॅल्युमिनाची बारीक पूड, त्यात क्रोमियमचा अंश. ती वरून चाळत चाळत २,००० अंशांहून तापलेल्या ज्योतीतून खाली सोडायची, खाली फिरत्या दांडीवर तिचा वितळलेला थेंब झेलायचा. दांडी हळूहळू खाली न्यायची, थेंबावर थेंब बसत कांद्याच्या आकाराचा गोळा वाढतो. माथा गोल म्हणून प्रत्येक थर गोल. टिंबं म्हणजे अडकलेले वायूचे बुडबुडे. मोगोकला जे लाखो वर्षांच्या हिशेबात झालं ते इथे काही तासांत होतं.

म्हणून सगळ्या परीक्षांत तो उत्तीर्ण झाला होता. वजन तेच, प्रकाशाच्या दोन वाटा त्याच, काठिण्य तेच. लोह तर मुळातच घातलेलं नाही, म्हणून दिव्याखाली तो मोगोकपेक्षाही जास्त पेटतो. मी जो पुरावा समजत होते, तीच खरं तर शंका होती. आणि सराफांचं ते "फार स्वच्छ आहे" आता मला ऐकू आलं.

"नकली नाही, कृत्रिम आहे," तिने दुरुस्ती केली. काचेला लाल रंग देऊन माणिक म्हणणं म्हणजे नकली. हा रसायनाने माणिकच आहे, फक्त भट्टीत जन्मलेला. अशी माणकं आपल्या प्रत्येकाच्या घरात असतात, ती म्हणाली. बाबांच्या एचएमटी घड्याळाच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असायचं, ते १७ खडे हेच. चाकांच्या आसांखाली बसवलेले, झिजू नयेत म्हणून. लहानपणी आम्ही ते घड्याळ उघडून हिरे शोधायचो आणि बाबांचा मार खायचो.

"पण रंगूनला कसा आला?" माझा जीव अजून तिथेच. तर त्यात नवल काहीच नाही. आजोबांनी अंगठी घेतली १९३० च्या दशकात, तोवर हा माल गोण्यांनी निघत होता. आणि असा खडा विकायला सर्वांत चांगली जागा कोणती? जिथे खरा निघतो त्याच्या दारातली. रंगूनच्या बाजारात घेतलंय म्हटल्यावर गिऱ्हाईक शंका कशी घेणार? आजोबांना माहीत होतं की नव्हतं, हे कोणताच सूक्ष्मदर्शक सांगणार नाही. त्यांनी दोन दिवसांच्या उपाशी पोटी तो विकला नाही, एवढं आईला माहीत होतं.

पुडी बांधायला घेतली तेव्हा मला आठवलं, पर्समध्ये आजीची नथही आहे. वाईची जुनी, आजीलाही तिच्या सासूकडून आलेली. बारीक बसरा मोती आणि मधोमध एक ओबडधोबड लाल खडा, वांग्याच्या सालीकडे झुकलेल्या रंगाचा, एका अंगाला चीर. वाटणीत ती कुणी हिशेबातही धरली नव्हती. मी म्हटलं, आलेच आहे तर पाहून टाक.

हा खडा कोंदणाशिवाय उघडाच बसवलेला, काढायची गरज नव्हती. तिने भिंगाखाली धरला आणि तिचा चेहरा बदलला. "या, बसा." आत रेशमाचे धागे होते. खरोखर रेशीमच, व्यापारात शब्दही तोच. रुटाइल नावाच्या खनिजाच्या सुया, तीन दिशांनी एकमेकींना छेदत गेलेल्या, उजेडात चंदेरी. त्यांच्यामध्ये साखरेच्या कणासारखे दोन-तीन पांढरे दाणे, कॅल्साइटचे, म्हणजे संगमरवराचे तुकडे. रेशीम अखंड, तुटलेलं नाही. खडा भट्टीत घालून १,६०० अंशांच्या वर तापवला की हे धागे विरघळतात आणि रंग उजळतो. आज बाजारात येणारी बहुतेक माणकं अशी तापवलेलीच असतात, सांगून विकली तर त्यात गैर काही नाही. हा मात्र जमिनीतून निघाला तसाच. अस्सल, न तापवलेला, संगमरवरातला.

"बर्माचा?"

"असू शकेल. पण एवढ्याशा खड्याचं गाव शोधायची फी खड्याच्या किमतीहून जास्त होईल."

इथे मी जरा चिडले. एक खडा देखणा, निर्दोष, तर म्हणे भट्टीतला म्हणून किंमत नाही. दुसरा शंभर नंबरी अस्सल, तर म्हणे अर्ध्या कॅरटचा, रंग मळकट, चीर गेलेली, म्हणून जेमतेम काही हजार. मग किंमत आहे तरी कशात? तिने शांतपणे दोन लिलाव सांगितले, आणि मी पुन्हा पाकिटाच्या पाठीवर. मे २०१५, जिनिव्हा: ‘सनराइज रूबी’, बर्माचं, २५.५९ कॅरट, सुमारे ३ कोटी ३ लाख डॉलर. जून २०२३, न्यूयॉर्क: ‘एस्त्रेला दे फुरा’, मोझांबिकचं, ५५.२२ कॅरट, सुमारे ३ कोटी ४८ लाख डॉलर. दुसरं वजनाने दुपटीहून मोठं. पण भागाकार केला तर पहिलं कॅरटला ११ लाख ८० हजारांच्या घरात आणि दुसरं ६ लाख ३० हजार. सगळा फरक गावाचा नाही, रंगाच्या छटेचाही आहे, पण गावाचा बराच. आणि वजन सरळ गुणाकाराने चालत नाही हेही तिने बजावलं. एक कॅरटच्या पाच माणकांपेक्षा पाच कॅरटचं एक माणिक कितीतरी महाग, कारण एवढं मोठं होईपर्यंत चीर न पडता टिकलेलं क्वचितच निघतं. सोन्यात असं नसतं. दहा ग्रॅमची एक वळी आणि एक-एक ग्रॅमच्या दहा, माझ्या फॉर्मवर दोन्ही सारख्याच.

आधी रंग. मग आत किती घाण आणि ती कुठे. मग तापवलंय का, भरलंय का. आकार, पैलू, गाव. आणि घाण म्हणजे दोष तर खराच, पण तिच्याशिवाय जन्माचा पुरावाही नाही. रेशमाचे धागे थोडे असले तर किंमत टिकवतात, फार झाले तर खडा धुरकट करून पाडतात.

धाकटीचाही एक खडा मी नेला होता, तो उरकून टाकते. ज्योतिषाच्या ओळखीने एका ठिकाणी घेतलेलं ‘पाच रत्तीचं’ माणिक, १८,००० रुपये. मागे लिंबाने घासल्यावर त्यावर पांढुरके डाग पडले होते. तपासनीस मुलीने तो हलवताच आत निळी ठिणगी चमकली. भेगाळलेला, एरवी टाकून द्यायचा कोरंडम घेऊन त्याच्या भेगांत शिशाची काच ओतलेली. लिंबाने कोरंडमचं काही होत नाही, काच खाल्ली जाते. सोनाराच्या दिव्याखाली गेला असता तर जाळंच उमटलं असतं. रत्तीचाही घोळ निघाला. आम्ही शिकलो त्या हिशेबात रत्ती म्हणजे गुंज, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, गुंज १२१ मिलिग्रॅमच्या आसपास. खड्यांच्या बाजारातली रत्ती १८२ मिलिग्रॅमची. पाच रत्ती म्हणजे ३.०४ कॅरट की ४.५५, ते विचारणाऱ्याच्या अज्ञानावर. धाकटीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण त्यानंतर माझी बदली थांबली ना." त्यावर माझ्याकडे आकडे नाहीत.

साताऱ्याला परतल्यावर अहवालाचा कागद टीपॉयवर ठेवला. ‘सिंथेटिक रूबी, ज्वाला-संलयन पद्धत’ अशा अर्थाची एक ओळ, खाली खड्याचा रंगीत फोटो. दादाने दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसत म्हणाला, "अंगठी तूच ठेव. आईची आठवण आहे." इतका मोठा मनाचा तो गेल्या वर्षभरात झाला नव्हता. नथ धाकटीच्या मुलीला द्यायचं ठरलं. अहवालाची फी आणि एसटीचं भाडं तिघांत.

पुढच्या सोमवारी खडा आणि अंगठी घेऊन सराफांकडे गेले. ते काहीच बोलले नाहीत, मीही नाही. त्यांनी कोंदण साफ केलं, नवी लाख भरली आणि विचारलं, "तळ उघडा ठेवू का? हल्ली उघडंच करतात. उजेड मागून येतो."

"नको, बंदच करा," मी म्हटलं. "आणि डांक घाला. लाल असेल ती."

त्यांनी डबीतून चार-पाच पत्रे काढून खड्याखाली एकेक धरून दाखवले. तिसऱ्याला तो रंग आला, आईच्या हातावरचा. मजुरी साडेपाचशे झाली. दादाने त्यातला त्याचा वाटा अजून दिलेला नाही.